हेरेंग डान्स कॅम्प: स्विंग आणि जॅझ नृत्याच्या उन्हाळी शिबिराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनमधल्या हेरेंग या खेड्यात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या नृत्यशिबिराविषयी मराठी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्यांनी लिंडी हॉप हा शब्दही ऐकलेला नाही अशांपासून व्हिसाचा अर्ज हातात घेऊन बसलेल्यांपर्यंत सर्वांचा विचार करून उत्तरे लिहिली आहेत. शुल्क, तारखा आणि नावनोंदणीचे नियम दरवर्षी बदलतात; त्यामुळे ते येथे न देता, ज्या गोष्टी सहसा बदलत नाहीत त्यांवर भर दिला आहे.

१. हेरेंग नेमके कुठे आहे आणि तिथे काय चालते?

हेरेंग हे स्टॉकहोमच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्याजवळ असलेले छोटे खेडे आहे. एके काळी येथे लोहखनिजाच्या खाणी होत्या. १९६१ मध्ये त्या बंद झाल्या आणि गाव शांत झाले. वर्षभर काही शे लोकवस्ती असलेल्या या गावात जुलै महिन्यात जगभरातून नाचणारे येतात आणि गावाची शाळा, मैदान, सभागृह असे सगळे नाचासाठी वापरले जाते. गावातले सार्वजनिक सभागृह, म्हणजे फोल्केट्स हूस, हे या सगळ्याचे केंद्र आहे. शिबिर एक आठवड्याच्या तुकड्यांमध्ये विभागलेले असते. दिवसा वर्ग होतात आणि रात्री मोकळा नाच असतो, ज्याला सोशल डान्स म्हणतात.

२. तिथे कोणकोणते नाच शिकवले जातात? आणि लिंडी हॉप म्हणजे नक्की काय?

स्विंग म्हणजे १९३०-४० च्या दशकांत मोठ्या बँडांनी वाजवलेले झोकदार जॅझ संगीत. त्यावरचा मुख्य नाच लिंडी हॉप. त्याच्या जोडीला टॅप (बुटांच्या तळाने ठेका वाजवण्याचा नाच), बूगी वूगी, बाल्बोआ, स्लो ड्रॅग (संथ गाण्यांवर जवळून करायचा नाच) आणि एकट्याने करायचा जुन्या वळणाचा जॅझ नाच असे वर्ग राहिलेले आहेत. लिंडी हॉप हा १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आफ्रिकन-अमेरिकन तरुणांनी घडवलेला जोडीचा नाच आहे. जोडी जवळ येते, एकमेकांभोवती फिरते आणि मग हात न सोडता लांब जाते. त्या लांब गेलेल्या क्षणी दोघांनाही स्वतःचे काही करण्याची मोकळीक मिळते. या मूळ हालचालीला स्विंग आउट म्हणतात आणि ती आठ मात्रांत बसते. जोडीत राहूनही प्रत्येकाला स्वतंत्र बोलता येणे, हे या नाचाचे मर्म आहे.

बाल्बोआ मात्र दक्षिण कॅलिफोर्नियातला. गर्दीच्या फ्लोअरवर, छातीला छाती लावून, पायांच्या बारीक कामावर तो चालतो आणि अतिजलद गाण्यांवर विशेष खुलतो. बूगी वूगी हाही जोडीचाच नाच; त्याचे आजचे रूप युरोपातल्या स्पर्धांमधून घडले आहे.

३. हार्लेमचा नाच स्वीडनच्या खेड्यात कसा पोहोचला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे.

हार्लेममध्ये लेनॉक्स अव्हेन्यूवर, १४० व्या आणि १४१ व्या रस्त्यांच्या मधोमध, १२ मार्च १९२६ रोजी सॅव्हॉय बॉलरूम हे नृत्यगृह सुरू झाले. अमेरिकेत वर्णभेद सर्रास पाळला जात असताना येथे काळे आणि गोरे एकाच फ्लोअरवर नाचत असत. फ्लोअर रस्त्याच्या चौकापासून चौकापर्यंत लांब होता आणि वादकांसाठी दोन मंच होते, म्हणजे एक बँड थांबला की दुसरा लगेच सुरू होई. ड्रमवादक चिक वेब यांचा बँड हे सॅव्हॉयचे भूषण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर संगीताची रुची बदलली, मोठे बँड परवडेनासे झाले आणि १९५८ मध्ये सॅव्हॉय बंद पडले. ज्यांनी हा नाच घडवला ते नर्तक पोटासाठी इतर कामांना लागले आणि हा नाच व्यासपीठांवरून व वर्तमानपत्रांतून जवळजवळ दिसेनासा झाला.

स्वीडनमधल्या स्विंगप्रेमींच्या संस्थेने १९८२ मध्ये हेरेंगला पहिले शिबिर भरवले. ते लहानसे होते. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, स्टॉकहोमचे काही तरुण नर्तक जुन्या चित्रपटांत पाहिलेल्या या नाचाचा माग काढत न्यूयॉर्कला गेले. तेथे त्यांना सॅव्हॉयचे नामांकित नर्तक अल मिन्स भेटले. मिन्स त्याच वर्षी स्वीडनला जाऊन शिकवून आले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्या भेटीतून १९८५ मध्ये रिदम हॉट शॉट्स हा नृत्यसंच उभा राहिला. लेनार्ट वेस्टरलुंड यांच्यासारख्या त्याच्या सदस्यांनी पुढे हे शिबिर वाढवले. १९८९ मध्ये सॅव्हॉयचेच ज्येष्ठ नर्तक फ्रँकी मॅनिंग प्रथम हेरेंगला आले आणि शिबिराला त्याचे आजचे रूप येऊ लागले.

म्हणून हेरेंगकडे 'युरोपातला नाचाचा मेळा' एवढ्याच नजरेने पाहू नये, असे मला मनापासून वाटते. विस्मरणात चाललेली विद्या तिच्या मूळ धारकांकडून, ते हयात असताना, समोरासमोर बसून घेतली गेली, म्हणून ती टिकली. आपल्याकडे घराण्याची गायकी जशी गुरूच्या समोर बसूनच मिळते, तसेच हे झाले.

४. फ्रँकी मॅनिंग यांचे नाव सगळे इतक्या आदराने का घेतात?

फ्रँकी मॅनिंग यांचा जन्म २६ मे १९१४ रोजी फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल येथे झाला आणि ते हार्लेममध्ये वाढले. १९३५ च्या सुमारास सॅव्हॉयमधल्या एका स्पर्धेत त्यांनी फ्रीडा वॉशिंग्टन यांच्यासह जोडीदाराला पाठीवरून पलीकडे नेण्याची कसरत केली. लिंडी हॉपमधली ही पहिली हवाई चाल मानली जाते. त्यांनी ताठ उभे राहण्याऐवजी धावपटूसारखे खाली झुकून नाचण्याची ढब रूढ केली आणि अनेक जोड्यांनी एकाच वेळी एकच हालचाल करण्याचा प्रकार रंगमंचावर आणला. व्हाइटीज लिंडी हॉपर्स या संचातून ते जगभर फिरले. १९४१ च्या 'हेल्झापॉपिन' या चित्रपटात त्यांनी बसवलेला नाच आजही विद्यार्थी कडव्यागणिक अभ्यासतात.

युद्धानंतर काम मिळेनासे झाले, तेव्हा १९५५ पासून त्यांनी टपाल खात्यात नोकरी केली. तीस वर्षांनी लोक पुन्हा त्यांच्या दारी आले. १९८९ मध्ये नृत्यदिग्दर्शनासाठी त्यांना अमेरिकन रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. २७ एप्रिल २००९ रोजी, पंच्याण्णवाव्या वाढदिवसाला एक महिना उरला असताना, ते गेले. त्यांचा जन्मदिवस जागतिक लिंडी हॉप दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या सहकारी नॉर्मा मिलर (१९१९–२०१९) यांनीही हेरेंगला अनेकदा येऊन नव्या पिढीला शिकवले. त्या सॅव्हॉयविषयी बोलत असत, तेव्हा ऐकणाऱ्याला वर्णभेदाचा इतिहासही कळत असे.

५. मला नाचाचा काहीही अनुभव नाही. थेट हेरेंगला जाणे योग्य ठरेल का?

जाता येते, अगदी नवख्यांसाठीही वर्ग असतात. तरीही माझा सल्ला असा आहे की किमान तीनचार महिने आपल्या शहरात शिकून मगच जावे. इतका खर्च आणि प्रवास करून पहिला आठवडा केवळ पावले पाठ करण्यात गेला, तर रात्रीच्या मोकळ्या नाचाचा आनंद निसटतो. स्विंग आउट मध्यम लयीत न चुकता करता येणे आणि अनोळखी व्यक्तीबरोबर एक संपूर्ण गाणे नाचता येणे, एवढी तयारी पुरेशी आहे. वर्ग पातळ्यांप्रमाणे विभागलेले असतात. वरच्या पातळ्यांना सहसा चाचणी असते, म्हणून पातळी ठरवताना स्वतःला थोडे खालीच ठेवणे हिताचे असते.

६. मी कथक शिकले आहे (किंवा तबला वाजवतो). त्याचा उपयोग होईल का?

निश्चित होईल, पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणी होईल. स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन समान भाग पडत नाहीत. पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड असतो. मात्रेचे तीन भाग केले आणि पहिले दोन जोडले, तर तो झोका सापडतो. तिस्र जातीचा ज्यांना सराव आहे त्यांच्या अंगात तो लवकर उतरतो.

लिंडी हॉपमध्ये आठ मात्रांच्या हालचालींबरोबर सहा मात्रांच्या हालचालीही असतात, तर संगीत चार आणि आठच्या गटांत चालते. सहा मात्रांची हालचाल चार वेळा केली की चोवीस मात्रा होतात आणि तेवढ्यात आठ मात्रांची तीन आवर्तने पूर्ण होऊन दोन्ही पुन्हा समेवर येतात. हा हिशेब अनेक युरोपीय विद्यार्थ्यांना आठवड्यानंतरही चकवतो. तबला वाजवणाऱ्याला तो ऐकताक्षणी कळतो.

अडचण येते ती शरीराच्या ठेवणीची. कथकमध्ये पाठ सरळ आणि वजन शरीराच्या मध्यावर असते. येथे गुडघे सैल, कंबर मागे आणि प्रत्येक मात्रेवर शरीराचा हलका उसळता ठेका लागतो. शिवाय कथकमध्ये लयीचा निर्णय तुमचा एकटीचा असतो, येथे तो जोडीदाराबरोबर वाटून घ्यावा लागतो.

७. मला जोडीदार नाही. एकटे जाता येते का?

येते, आणि बहुतेक लोक तसेच जातात. वर्गात दर काही मिनिटांनी जोड्या बदलतात, त्यामुळे तासाभरात पंधरावीस जणांबरोबर नाचणे होते. नावनोंदणीच्या वेळी तुम्ही लीड (हालचाल सुचवणारी व्यक्ती) म्हणून येणार की फॉलो (तिला उत्तर देणारी व्यक्ती) म्हणून, हे सांगावे लागते, कारण दोन्हींची संख्या जुळवावी लागते. एका भूमिकेच्या जागा लवकर भरल्या तर प्रतीक्षायादीत राहावे लागते. हा प्रकार फॉलो म्हणून नोंदणी करणाऱ्यांच्या बाबतीत अधिक घडतो.

८. मुलीला लीड करता येते का? दोन पुरुष एकत्र नाचू शकतात का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर होय असे आहे. लीड म्हणजे हालचाल सुचवणारी व्यक्ती आणि फॉलो म्हणजे त्या सूचनेला स्वतःची भर घालून उत्तर देणारी व्यक्ती. यांचा संबंध स्त्रीपुरुष असण्याशी नाही. अनेक जण दोन्ही भूमिका शिकतात. आधी एका भूमिकेत पाय स्थिर करावा आणि मग दुसरी घ्यावी, एवढेच सुचवेन.

९. अनोळखी माणसाने नाचायला विचारले तर नकार देता येतो का?

नक्कीच देता येतो, आणि कारण सांगण्याचे बंधन नाही. 'नको, धन्यवाद' एवढे पुरे. विचारणाऱ्यानेही पुन्हा आग्रह करू नये. घरातून निघालेल्या आपल्या अनेक मुलींना हा प्रश्न सतावतो, म्हणून स्पष्ट लिहिते: हात किंवा पाठीवरचा स्पर्श हा नाचाचा भाग आहे, पण तुम्हाला अस्वस्थ करणारा कोणताही स्पर्श नाचाचा भाग नाही. गाणे अर्धवट सोडून फ्लोअरवरून बाजूला होण्याचा अधिकार तुम्हाला आहे आणि आयोजकांकडे तक्रार करण्यात संकोच बाळगू नये. स्लो ड्रॅगसारख्या संथ आणि जवळून करायच्या नाचात किती अंतर ठेवायचे हे सुरुवातीलाच तुम्ही ठरवावे. समजूतदार जोडीदार ते लगेच ओळखतो.

१०. तिथला दिवस कसा जातो?

सकाळपासून दुपारपर्यंत वर्ग होतात. काही वर्ग इमारतींत, तर काही मोठ्या तंबूंत खास बसवलेल्या लाकडी फ्लोअरवर असतात. संध्याकाळी सगळे शिबिर एका सभेला जमते, जिथे सूचना, गमती, छोटे कार्यक्रम आणि पाहुण्यांच्या मुलाखती होतात. त्यानंतर सुरू झालेला सोशल डान्स पहाटेपर्यंत चालतो. जुलैच्या आरंभी तेथे सूर्य पहाटे चारच्या आधी उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे नाचून बाहेर पडताना लख्ख उजाडलेले असते. पहिल्यांदा मी गेले तेव्हा पहिल्या तीन रात्री जेमतेम झोपले आणि चौथ्या दिवशी वर्गात उभे राहणेही कठीण झाले. सकाळचा वर्ग आणि पहाटेचा नाच यांपैकी रोज एकच निवडावा.

११. राहण्याची आणि जेवणाची सोय कशी असते? शाकाहारी माणसाचे काय?

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे शाळेसारख्या इमारतींतली सामूहिक निवासव्यवस्था, जिथे एका खोलीत अनेक बंक खाटा असतात. स्वतःचा तंबू टाकता येतो. गावातल्या घरांतल्या खोल्या भाड्याने मिळतात, पण त्या महाग असतात आणि लवकर संपतात. हलकी झोप असणाऱ्यांनी डोळ्यांवरची पट्टी आणि कानांतले बोळे न विसरता न्यावेत.

स्वीडनमध्ये शाकाहार सर्वत्र समजतो, त्यामुळे शाकाहारी जेवण मिळण्यात अडचण येत नाही. जैन किंवा कांदालसूण वर्ज्य असणाऱ्यांना मात्र पर्याय फार कमी राहतात. त्यांनी मेतकूट, भाजणी, पोहे असे कोरडे सामान न्यावे. युरोपीय संघाच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई असल्यामुळे तुपाचे लाडू आणि पेढे घरीच ठेवावेत. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे.

१२. व्हिसा कोणता लागतो आणि कधी अर्ज करावा?

भारतीय पारपत्रधारकांना अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण काही प्रकरणांत पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणेच अवघड होते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये काम उरकावे. किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासविमा आवश्यक आहे.

फक्त शिबिरासाठी जाणार असाल, तर अर्ज स्वीडनकडे करायचा; यात एक अपवाद नीट समजून घ्यावा. शिबिरानंतर फिरायला जाणार असाल, तर ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. हेरेंगला सात दिवस आणि इटलीत दहा दिवस असा बेत असेल, तर अर्ज इटलीकडे जातो. दिवस समान असतील, तर जिथे प्रथम प्रवेश करणार तो देश. शिबिराची नोंदणी पावती आणि निवासाचा पुरावा दोन्ही जोडावेत.

१३. विमानतळावरून हेरेंगला कसे पोहोचायचे?

स्टॉकहोमचा आर्लांडा विमानतळ शहराच्या उत्तरेलाच असल्यामुळे त्यातल्या त्यात सोयीचा आहे. शहरातून जाताना टेक्निस्का ह्योगस्कोलान स्थानकाजवळून ६७६ क्रमांकाची बस नॉरटेल्ये गावी नेते आणि तेथून हेरेंगच्या दिशेची दुसरी बस घ्यावी लागते. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात. विमान रात्री उशिरा उतरणार असेल, तर ती रात्र स्टॉकहोममध्ये काढून सकाळी निघावे.

१४. सामानात काय घ्यावे?

बुटांबद्दल आधी. रबरी तळाचे धावण्याचे बूट लाकडावर अडकतात आणि गिरकी घेताना गुडघ्याला पीळ बसतो. चामडी किंवा गुळगुळीत तळाचे सपाट बूट हवेत, आणि शक्य असल्यास दोन जोड. दिवसाला तीनचार सदरे लागतात, कारण घाम येतो आणि जोडीदाराचा विचार करावा लागतो. जुलैतही रात्री गारवा असतो आणि पाऊस येतो, म्हणून स्वेटर आणि रेनकोट घ्यावा.

या किनारी भागात गोचीड आढळतात आणि त्यांच्या चावण्यातून लाइम आजार किंवा मेंदूज्वर होऊ शकतो. गवतात चालून आल्यावर, विशेषतः तंबूत राहणाऱ्यांनी, रोज अंग तपासावे. मेंदूज्वराची लस असते. लाइमवर ती चालत नाही. प्रवासाच्या काही महिने आधी डॉक्टरांशी बोलावे.

१५. माझे वय पंचावन्न आहे आणि गुडघे कुरकुरतात. मला जमेल का?

हवाई चाली म्हणजेच लिंडी हॉप, हा समज चित्रफितींमुळे झालेला आहे. त्या रंगमंचाच्या आणि स्पर्धेच्या गोष्टी आहेत. गर्दीच्या सोशल फ्लोअरवर त्या करणे असभ्य आणि धोकादायक मानले जाते. फ्रँकी मॅनिंग नव्वदी ओलांडल्यावरही नाचत होते, ते पाय जमिनीवर ठेवूनच. संथ गाणी निवडावीत, दिवसातले सगळे वर्ग करू नयेत आणि स्लो ड्रॅग किंवा एकट्याने करायच्या जॅझचा विचार करावा. बुटांबाबत प्रश्न १४ पाहावा.

१६. स्वयंसेवक म्हणून काम केले तर खर्च कमी होतो, असे ऐकले. ते खरे आहे का?

शिबिर मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांवर चालते आणि कामाच्या बदल्यात सवलती मिळतात, हे खरे. परंतु मोबदल्यात सवलत मिळणारे काम पर्यटनाच्या व्हिसावर चालते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. युरोपीय नागरिक असलेल्या तुमच्या मित्राला जे लागू होते ते तुम्हाला लागू होईलच असे नाही. नोंदणीपूर्वी आयोजकांना लेखी विचारावे आणि स्वीडनच्या स्थलांतर विभागाचे नियम स्वतः वाचावेत. युरोपात निवासपरवाना घेऊन शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी मुलांनीही आपल्या परवान्यातल्या अटी पाहाव्यात.

१७. हा आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा नाच आहे. आपण तो करणे योग्य आहे का?

हा प्रश्न तरुण वाचक विचारतात आणि मला त्याचे अगत्य वाटते. जुन्या नर्तकांनी तो सर्व रंगांच्या विद्यार्थ्यांना मोकळ्या हाताने दिला, त्यामुळे करू नये असे मी म्हणणार नाही. पण घेणाऱ्यावर काही जबाबदारी येते. नाचाचे जनक कोण, कोणत्या परिस्थितीत त्यांनी तो घडवला आणि नंतर त्यांच्या वाट्याला काय आले, हे माहीत करून घ्यावे (प्रश्न ३ व ४). शिकवताना ती नावे घ्यावीत. आजही शिकवणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांचे वर्ग आवर्जून निवडावेत. त्या काळातली वेशभूषा आणि टोप्या एवढ्यावर हा इतिहास आटपू नये.

१८. आपल्याकडे या संगीताशी काही नाते आहे का, की सगळे परकेच?

नाते आहे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी मुंबई आणि कलकत्ता दोन्ही गाजवले. १९४५ मध्ये कलकत्त्यातच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या सहवासात गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. बार्देशातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, त्यांतले एक. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी याच वादकांना बरोबर घेऊन हिंदी गाण्यांत स्विंगचा ठेका आणला आणि १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा पालव त्यावर नाचले. तो लिंडी हॉप नव्हता. भगवानदादांचा डोलता, सहज पदन्यास त्यांचा स्वतःचा होता. पण मात्रेचा तो झोका (प्रश्न ६) आपल्या आजीआजोबांच्या कानांना ओळखीचा होता.

१९. यंदा जाणे शक्य नाही. घरी राहून काय करता येईल?

एकट्याने शिम शॅम शिकावा. टॅप नर्तक लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी १९२० च्या दशकात बांधलेला हा छोटा नाच जगभरच्या स्विंग फ्लोअरवर सगळे मिळून करतात आणि तो येत असेल तर कोणत्याही शहरात परकेपणा वाटत नाही. रोज पंधरा मिनिटे काउंट बेसी, चिक वेब किंवा ड्यूक एलिंग्टन या स्विंगच्या बँडप्रमुखांचे एक गाणे लावून केवळ गुडघ्यांतला ठेका धरावा, पावले करू नयेत. मिनिटाला सुमारे १४० मात्रांच्या गाण्याने सुरुवात करावी. भारतातल्या मोठ्या शहरांत आता लिंडी हॉपचे गट आहेत. आपल्या शहरात नसेल, तर दोन मित्रांना जमवून दिवाणखान्यातली सतरंजी गुंडाळून ठेवावी. फरशीवर मोज्यांनिशी नाचू नये, पाय घसरतो.